स्वतःच्या क्लाऊड सर्व्हरवर मूडल टाकायचंय, कुठून सुरुवात करू?

शाळेबाहेरची
नमस्कार मंडळी. आम्ही काही शिक्षक मिळून ऑनलाइन वर्ग घेतो, साधारण ३०० विद्यार्थी आहेत. आत्तापर्यंत सगळा कारभार चॅट ग्रुप आणि शेअर केलेल्या फोल्डरवर चाललाय आणि त्याचा आता पार बट्ट्याबोळ झालाय, कुणी कुठला स्वाध्याय कधी दिला ते शोधायला ग्रुपवर वर वर सरकवत बसायचं. म्हणून एक क्लाऊड सर्व्हर घेऊन त्यावर आपलं स्वतःचं मूडल (स्वाध्याय, नोट्स, परीक्षा एका जागी ठेवणारी ऑनलाइन वर्गाची प्रणाली) टाकावं असं घाटतंय. मला लिनक्सवर लॉगिन करून दिलेल्या कमांड मारता येतात, त्यापलीकडे फार नाही. तर सर्व्हर केवढा घ्यावा, मूडलच घ्यावं की दुसरं काही, आणि व्हिडिओ पण त्यातच टाकले तर चालेल का? जरा सविस्तर सांगा, शोधून जे सापडतं ते एकतर फार जुनं असतं नाहीतर होस्टिंग विकणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं.

मागचा_बाक
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच चाललंय.

जुनाट_सर्व्हर
मूडलच घ्या, डोळे झाकून. २००२ पासून चालू आहे, पीएचपीत लिहिलंय, मुक्त स्रोत आहे, आणि अडलात तर तुमचाच प्रश्न कुणीतरी आधी विचारून ठेवलेला असतो, हा सगळ्यात मोठा फायदा. साधा सरळ मार्ग सांगतो. उबुंटू २४.०४ घ्या, त्यावर एन्जिनएक्स किंवा अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), आणि मूडल ४.५. हे ४.५ दीर्घ मुदतीच्या सपोर्टचं आहे, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत, आणि त्याला पीएचपी ८.१ ते ८.३ लागतं, उबुंटू २४.०४ मध्ये ८.३ आयतंच येतं, म्हणजे बाहेरचे रिपॉझिटरी जोडायची भानगड नाही. ५.१ आणि पुढचं घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्यात वेब सर्व्हरचा रूट 'पब्लिक' नावाच्या आतल्या फोल्डरवर ठेवावा लागतो, जुने लेख बघून लावलंत तर डोकं धरून बसाल.

सर्व्हर म्हणाल तर ३०० ही संख्या कामाची नाही. एका वेळी किती जण आत असतात ते सांगा. स्वाध्याय, नोट्स, चर्चा एवढंच असेल तर २ कोअर आणि ४ जीबी रॅमवर आरामात चालतं. सगळ्यांची परीक्षा एकाच वेळी असेल तर गोष्ट वेगळी.

कंटेनरवाला
२०२५ नंतरही लोक हाताने पीएचपी लावतात हे बघून मौज वाटली. डॉकर वापरा हो, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात बंद करून चालवतं ते, एका फाईलमध्ये सगळं येतं, उद्या सर्व्हर बदलला तरी उचलून दुसरीकडे ठेवलं की झालं. आणि मूडलचा चेहरा बघून मुलं पळून जातील, मूडलसारखंच ओपन एडएक्स आहे ते बघा, ट्यूटर नावाच्या साधनाने सहज उभं राहतं.

जुनाट_सर्व्हर
सहज उभं राहतं हे मान्य, पण उभं राहायला काय काय लागतं ते पण सांगा की. मायएसक्यूएल, मोंगोडीबी, रेडिस, सर्चसाठी वेगळं इंजिन, अभ्यासक्रम लिहायचा भाग वेगळा, शिकायचा वेगळा. किमान ४ जीबी आणि बरं चालायला ८ जीबी रॅम, ते पण एकही विद्यार्थी आत यायच्या आधी. हजारोंना एकच कोर्स एकाच साच्यात द्यायचा असेल तर ते भारीच आहे, एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्समधून आलंय ते, बनलंच त्यासाठी. यांचे वर्ग छोटे, शिक्षक अनेक, प्रत्येकाची पद्धत निराळी. तिथे मूडल बरं.

डॉकरचं म्हणाल तर मूडलची तयार इमेज (आयता भरलेला डबा) म्हणून अर्धं जग बिटनामीची वापरायचं, त्यांनी २०२५ मध्ये फुकटच्या इमेज अपडेट न मिळणाऱ्या 'लेगसी' खात्यात हलवल्या. ज्यांना आतलं काहीच माहीत नव्हतं ते लटकले. धागाकर्तीला डॉकर येत असता तर मीही तेच म्हटलं असतं.

उगाच_एक
मूळ प्रश्नालाच हात घालतो. हे सगळं कशाला? महिन्याला पैसे मोजून तयार मूडल देणारे आहेत, अपडेट ते बघतात, बॅकअप ते बघतात. तुम्ही शिक्षक आहात, शिकवा. रात्री अकराला सर्व्हर बसला तर उठवणार कोण?

शाळेबाहेरची
@उगाच_एक, प्रश्न बरोबर आहे आणि आमच्यातही यावर वादावादी झाली. तयार सेवेत प्लगइन ते देतील तेवढेच, आणि दर विद्यार्थ्यामागे आकार लावतात, आमच्याकडे मुलं सारखी येत जात असतात. शिवाय दोघांना हे शिकायची हौस आहे. रात्री उठणारे तेच दोघं.

उगाच_एक
मग हरकत नाही. निदान दोघं आहेत म्हणताय. सर्व्हरचं आणि डोमेनचं खातं दोघांच्याही हातात असू द्या, एकाच्या खासगी ईमेलवर नको. डोमेनचं नूतनीकरण ज्याच्या मेलवर येतं तो ग्रुप सोडून गेला की काय होतं ते बघितलंय.

लॉगवाचक
व्हिडिओबद्दल कुणी बोललंच नाही. मूडलमध्ये व्हिडिओ टाकू नका. टाकता येतात, पण नका टाकू. हिशोब बघा: ७२० पी चा बऱ्यापैकी व्हिडिओ दीड मेगाबिट प्रति सेकंद धरा, एका तासाचे होतात ५४०० मेगाबिट म्हणजे ६७५ एमबी. १०० मुलांनी एकदा बघितला की ६७.५ जीबी सर्व्हरमधून बाहेर गेले. एका तासिकेचे, हं. महिन्याभराच्या तासिका धरा, आणि मुलं परीक्षेआधी पुन्हा बघतातच. बऱ्याच क्लाऊडवर आत येणारा डेटा फुकट असतो आणि बाहेर जाणाऱ्याला मीटर, सर्व्हरपेक्षा तेच बिल मोठं येतं.

दुसरं म्हणजे मूडल फाईल जशी आहे तशी देतं. कनेक्शन मंद असेल तर कमी दर्जाची प्रत आपोआप दिली जाणं वगैरे त्यात नाही. त्यासाठी व्हिडिओचे वेगवेगळ्या दर्जाचे छोटे तुकडे करून ठेवावे लागतात, एचएलएस म्हणतात ते. हे काम व्हिडिओच्या जागेला करू द्या, कुठलीही व्हिडिओ सेवा घ्या नाहीतर स्वतःचंच हवं असेल तर पीअरट्यूब वेगळ्या सर्व्हरवर, आणि मूडलमध्ये नुसतं एम्बेड करा. मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे असतील तर त्यासाठी एच५पी नावाचं साधन आहेच.

मागचा_बाक
आणि लाइव्ह तास? बिगब्लूबटन त्याच सर्व्हरवर बसेल का?

लॉगवाचक
अजिबात नाही. बिगब्लूबटनला त्यांच्याच कागदपत्रांत ८ कोअर आणि १६ जीबी रॅम सांगितलीये, मशीन फक्त त्याचं एकट्याचं पाहिजे, वर यूडीपीचे १६३८४ ते ३२७६८ पोर्ट उघडे ठेवायचे. सध्या जिथे लाइव्ह तास घेता तिथेच घ्या, लिंक मूडलमध्ये द्या. एकदम सगळं अंगावर घेऊ नका.

शाळेबाहेरची
सगळ्यांचे आभार. ४ जीबीचा सर्व्हर घेऊन जुनाट_सर्व्हर यांनी सांगितलं तसं एन्जिनएक्सवर मूडल ४.५ लावलं. इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत गेलं पण पान उघडलं की नुसता पांढरा कागद आणि निळ्या लिंका, रंग नाही, आयकॉन नाहीत, मेनू सगळे एकाखाली एक सांडलेत. आणि आधी एका ठिकाणी 'मॅक्स इनपुट व्हार्स' कमी आहे म्हणून अडवलं होतं.

जुनाट_सर्व्हर
एन्जिनएक्सवर हमखास होतं हे. मूडल आपली सीएसएस, चित्रं वगैरे 'स्टाइल्स डॉट पीएचपी' च्या पुढे स्लॅश देऊन त्यापुढे पूर्ण वाट लिहून मागवतं. तुमच्या एन्जिनएक्सच्या नियमात 'डॉट पीएचपी ने संपणारा पत्ता' एवढंच लिहिलेलं असणार, मग पीएचपीच्या पुढे काही असलं की तो नियम लागूच होत नाही आणि ४०४ येतो. नियम असा पाहिजे की डॉट पीएचपी नंतर एकतर पत्ता संपेल किंवा स्लॅश येईल, आणि ती पुढची वाट 'पाथ इन्फो' म्हणून पीएचपीला मिळेल. मूडलच्या अधिकृत एन्जिनएक्स पानावर तयार तुकडा आहे, तोच उचला.

मॅक्स इनपुट व्हार्स पीएचपीत मुळात १००० असतं, मूडलला ५००० लागतं. आणि ते दोन ठिकाणी बदला, कमांड लाइनच्या पीएचपीची आयएनआय (सेटिंगची फाईल) वेगळी आणि एफपीएमची, म्हणजे वेबसाठी पीएचपी चालवणाऱ्या भागाची, वेगळी. एकच बदलून दुसरी विसरणं फार कॉमन आहे. त्याच फाईलमध्ये आहात तर अपलोडची मर्यादा पण वाढवा, मूळची २ एमबी असते, पोस्टची ८. आणि हे करूनही मुलांना ४१३ चा एरर दिसला तर तो एन्जिनएक्सचा, त्याची स्वतःची मर्यादा १ एमबी असते. फोनवर काढलेला वहीचा फोटो त्यात मावत नाही.

लॉगवाचक
मूडलडेटा फोल्डर, म्हणजे चढवलेल्या फायली साठतात ते, कुठे ठेवलंय? वेब सर्व्हरच्या रूटच्या बाहेरच पाहिजे, नाहीतर मुलांनी दिलेले पेपर कुणीही पत्ता टाइप करून उतरवेल. आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारं) दर मिनिटाला लावा. क्रॉन नसलं की वरवर सगळं ठीक दिसतं पण मेल जात नाहीत, आठवण करून देणारे निरोप जात नाहीत, कोर्सचे बॅकअप होत नाहीत आणि खोडलेल्या फायलींनी अडवलेली जागा मोकळी होत नाही.

शाळेबाहेरची
रंग आले! मूडलडेटा बाहेरच आहे, क्रॉनही लावलं. पण मेल काही जात नाहीत. पासवर्ड विसरलो म्हटलं की 'मेल पाठवला' असं म्हणतं आणि येत काहीच नाही, स्पॅममध्येही नाही.

कंटेनरवाला
पोर्ट २५. बहुतेक क्लाऊडवाले बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट बंदच ठेवतात, स्पॅम पाठवणाऱ्यांमुळे. सर्व्हरवरून थेट मेल पाठवायचा नाद सोडा, पोर्ट उघडून मिळाला तरी क्लाऊडच्या आयपीवरून आलेल्या मेलकडे सगळे संशयानेच बघतात. एखादी मेल रिले सेवा (आपल्या वतीने मेल पोचवणारी) घ्या, तिचा एसएमटीपी पत्ता ५८७ पोर्टसह मूडलमध्ये भरा, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी टाका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे नियम कडक केलेत. मग मूडलमध्येच चाचणी मेल पाठवायचं पान आहे, तिथून खात्री करा.

(बघा, डॉकर न म्हणता पण मला मदत करता येते.)

जुनाट_सर्व्हर
:) मान्य.
एक भर. चर्चेचे मेल मूडल मुलांना भरमसाट पाठवतं. प्रत्येक उत्तरागणिक ३०० मेल गेले की रिलेचा कोटा दोन दिवसांत उडेल. चर्चा मंचाला सगळ्यांना सक्तीने सब्स्क्राइब करू नका.

शाळेबाहेरची
५८७ वरून गेले मेल. आता मोठा प्रश्न. घटक चाचणीला एकाच वेळी दीड-दोनशे मुलं बसतील. आज चाळीसेक जणांना घेऊन सराव चाचणी ठेवली तर सुरुवातीलाच सगळं गोगलगाय झालं, काहींना ५०४ (सर्व्हरकडून वेळेत उत्तर नाही) दिसलं. पण सर्व्हरचा मॉनिटर बघितला तर सीपीयू आणि रॅम दोन्ही अर्धे पण वापरलेले नाहीत! मग मोठा सर्व्हर घेऊन काय फरक पडणार?

लॉगवाचक
शाब्बास, मॉनिटर बघितलात ते फार बरं केलंत, बहुतेक लोक थेट मोठा सर्व्हर घेऊन मोकळे होतात. एफपीएमचा लॉग उघडा, त्यात 'सर्व्हर रीच्ड पीएम मॅक्स चिल्ड्रन सेटिंग, ५' अशी ओळ सापडेल असं माझं भाकीत.

उबुंटूत एफपीएम मुळात फक्त ५ प्रोसेस चालवतो. म्हणजे तुम्ही ६४ जीबी रॅम घेतली तरी एका क्षणी पाचच विनंत्या आत, बाकीचे बाहेर रांगेत. तिकीट खिडकी एकच उघडी ठेवून स्टेशन मोठं बांधण्यातला प्रकार. आकडा असा काढा: ४ जीबीतली १ जीबी डेटाबेसला, अर्धा जीबी बाकी सिस्टीमला, उरले अडीच. मूडलची एक पीएचपी प्रोसेस ८०-१०० एमबी खाते असं धरा (तुमच्या सर्व्हरवर मोजून बघा, प्लगइनवर अवलंबून असतं), म्हणजे २५ पर्यंत जाता येतं. १०० लिहू नका, उत्साहात लोक लिहितात, मग रॅम संपली की लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस शोधून मारतो आणि ती नेमकी डेटाबेसची असते.

मग मारियाडीबीचा 'इनोडीबी बफर पूल' (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) मुळात १२८ एमबी असतो तो १ जीबीच्या आसपास न्या, ओपकॅश (तयार झालेला पीएचपी कोड जपून ठेवतं) चालू आहे ना बघा, आणि सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद) रेडिसमध्ये, म्हणजे रॅममधल्या झटपट साठ्यात, ठेवा.

परीक्षेत आणखी एक आहे. क्विझ चालू असताना मूडल दर मिनिटाला मुलांची उत्तरं आपोआप सेव्ह करतं. २०० मुलं उत्तरं लिहीत असतील तर मिनिटाला २०० पर्यंत जादा विनंत्या, कुणी पुढचं पान न उघडताही. ते बंद करू नका, मुलांची लाइट गेली की तेच वाचवतं, फक्त हिशोबात धरा. खरा धक्का 'सुरू करा' दाबायच्या क्षणाला असतो, तेव्हा वर्गांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडा, आणि सगळे प्रश्न एका पानावर न ठेवता पाच-पाच ठेवा.

जुनाट_सर्व्हर
+१. आणि परीक्षेपुरती रॅम-सीपीयू वाढवून नंतर कमी करा, क्लाऊड घ्यायचा हाच तर फायदा. आदल्या रात्री करा कारण रीस्टार्ट लागतो. वाढवताना डिस्क मात्र वाढवू नका, डिस्क वाढवलेली बहुतेक ठिकाणी परत कमी करता येत नाही. रॅम वाढवली की एफपीएमचा आकडाही वाढवायचा, नाहीतर वरचंच रामायण.

स्वस्तातले 'बर्स्टेबल' सर्व्हर असतात त्यांच्यापासून परीक्षेच्या दिवशी सावध. एरवी साठलेल्या क्रेडिटवर पळतात, तासभर पूर्ण ताण आला की क्रेडिट संपून रांगायला लागतात, किंवा सेटिंग तसं असेल तर रांगत नाहीत पण बिल वाढतं.

उगाच_एक
बॅकअपचं काय ठरवलंय? कुणीच विचारत नाहीये.

शाळेबाहेरची
क्लाऊडवाल्याचा रोजचा स्नॅपशॉट चालू केलाय, आणि मूडलमधले कोर्सचे ऑटोमॅटिक बॅकअप पण. पुरे ना?

उगाच_एक
स्नॅपशॉट त्याच खात्यात असतो. खातं गेलं, बिल थकून बंद पडलं, की सर्व्हर आणि स्नॅपशॉट बरोबरच जातात. एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा घरच्या डिस्कवर पाहिजेच.

लॉगवाचक
आणि कोर्सचे ऑटोमॅटिक बॅकअप त्याच डिस्कवर साठतात, प्रत्येकात कोर्सच्या सगळ्या फायली पुन्हा. किती प्रती ठेवायच्या ते १-२ वर आणा, नाहीतर डिस्क भरली की डेटाबेस लिहायचा थांबतो आणि साइट बसते.

खरा बॅकअप तीन गोष्टींचा: डेटाबेसचा डंप ('सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय लावून, म्हणजे साइट चालू असतानाही सुसंगत येतो), मूडलडेटातलं 'फाइलडिर', आणि कॉन्फिग डॉट पीएचपी. कॅश, टेम्प, सेशन सोडून द्या. फाइलडिर उघडून बघा एकदा, गंमत आहे, आत एकाही फाईलला तुमचं नाव नाही, नुसते लांबलचक हॅश. मूडल फाईलच्या मजकुराचा एसएचए१ काढून तेच नाव देतं, त्यामुळे तीच पीडीएफ दहा कोर्समध्ये टाकली तरी डिस्कवर एकदाच राहते. पण कुठला हॅश म्हणजे कुणाचा पेपर हे फक्त डेटाबेसला माहीत. म्हणून नुसतं फोल्डर वाचवून उपयोग नाही आणि नुसता डंप वाचवूनही नाही, दोन्ही जवळपास एकाच वेळचे पाहिजेत.

आणि एकदा छोटा सर्व्हर तासाभरासाठी भाड्याने घेऊन त्यावर रिस्टोअर करून बघा. पत्ता बदलला की कॉन्फिगमधला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट' बदलायचा. त्या प्रतीवर क्रॉन लावू नका हां, नाहीतर मुलांना सगळे मेल दोनदोनदा जातील.

कंटेनरवाला
एचटीटीपीएस राहिलं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट आपोआप वाढवतो, पण त्याच्या नेहमीच्या पद्धतीला पोर्ट ८० उघडा लागतो. सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलमध्ये ८० बंद करणारे महाभाग असतात. संपत आल्याचा इशारा द्यायचे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केलेत, त्यामुळे बाहेरून लक्ष ठेवणारं एखादं मॉनिटर लावा.

शाळेबाहेरची
एफपीएमच्या लॉगमध्ये शब्दशः तीच ओळ होती, ५ चे २४ केले, पुन्हा तेवढीच मुलं बसवली, कुणाला काही जाणवलं नाही. मोठ्या चाचणीआधी ८ जीबी करू. दुसऱ्या कंपनीकडे रोज रात्री प्रत जाईल असंही लावतोय.

शेवटचं एक विचारते. कोर्स संपल्यावर प्रमाणपत्र द्यायचंय, कस्टम सर्टिफिकेट प्लगइन टाकला, इंग्रजी नावं झकास येतात पण मराठीत 'क्षितिज' ची ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि 'र्थी' चा रफार सुटून पाय मोडलेला 'र्' होतो. फॉन्ट बदलून बघितले, तेच. डेटाबेसमध्ये घोळ असेल का?

जुनाट_सर्व्हर
डेटाबेस ठीक आहे, साइटवर नाव नीट दिसतंय ना? मग झालं. तो प्लगइन पीडीएफ करायला टीसीपीडीएफ वापरतो आणि त्याला देवनागरीची जुळणी येत नाही, अक्षरं ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने ओळीत मांडतो. फॉन्ट कितीही बदला, फरक पडणार नाही.

मी असं करतो: प्रमाणपत्राचा ठरलेला मजकूर चित्र म्हणून मागे टाकतो आणि प्लगइनला नाव रोमनमध्येच छापू देतो. नावं मराठीतच हवी असतील तर कोर्स पूर्ण केलेल्यांची यादी सीएसव्हीत उतरवा, लिबरऑफिसमध्ये मेल मर्ज करा, त्याची पीडीएफ जोडाक्षरांसकट स्वच्छ येते. मग एका स्वाध्यायात 'फीडबॅक फायली' चालू करून झिप चढवली की ज्याचं त्याला मिळतं. झिपमधल्या फोल्डरची नावं मूडलने दिलेल्या साच्यातच ठेवा, त्यात प्रत्येकाचा नंबर असतो, तो खोडलात की कुणाला काय द्यायचं ते त्याला कळत नाही.

मागचा_बाक
प्रमाणपत्राचं आमचंही अडलं होतं, मेल मर्जचं आजच करून बघतो. वाचनखूण साठवली.